भाव न दिसणाऱ्या बाजारात पेन्शनचा पैसा

पुण्यातल्या सह्याद्री रुग्णालयांची मालकी गेल्या काही वर्षांत कुणाकुणाकडे गेली, हे एकदा नीट पाहण्यासारखं आहे. डॉ. चारुदत्त आपटे या न्यूरोसर्जननी ही संस्था उभी केली. 2019 मध्ये एव्हरस्टोन या प्रायव्हेट इक्विटी कंपनीने तिच्यावर ताबा मिळवला. 2022 मध्ये एव्हरस्टोनने ती ‘ऑन्टारियो टीचर्स पेन्शन प्लॅन’ला, म्हणजे कॅनडातल्या एका प्रांताच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाला विकली. 2025 मध्ये या शिक्षकांनी ती मणिपाल हॉस्पिटल्सला विकण्याचा करार केला. मणिपालमध्ये 2023 पासून बहुमताचा हिस्सा टेमासेकचा आहे, आणि टेमासेकची मालकी सिंगापूर सरकारकडे. पुणे, नाशिक, कराड इथल्या रुग्णांच्या बिलांतून जो नफा उरेल त्यावर मधली तीन वर्षं टोरँटोकडच्या निवृत्त गुरुजींचा आणि बाईंचा हक्क होता.

यात गैर काहीच नाही. कुणाच्या तरी म्हातारपणाची सोय कुणाच्या तरी आजच्या व्यवसायातूनच होत असते. मला खटकतं ते वेगळंच. हे रुग्णालय किती रुपयांना गेलं, याचे जे आकडे छापून आले ते ‘सूत्रांच्या हवाल्याने’ आले: 2022 साठी सुमारे अडीच हजार कोटी, 2025 साठी सुमारे 6,400 कोटी. मधल्या काळात त्याची किंमत काय होती, हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. शेअर बाजारातल्या कंपनीचा भाव रोज दुपारी साडेतीनला कळतो, मग तो कुणाला आवडो न आवडो. इथे दोन व्यवहारांच्या मधे फक्त अंदाज असतो, आणि तो अंदाज बांधणारा बहुधा मालकच असतो.

अशा खासगी बाजारात आज जगभरच्या पेन्शन फंडांचा, विद्यापीठांच्या निधींचा, विमा कंपन्यांचा आणि सरकारी तिजोऱ्यांचा पैसा ओतला जातो आहे. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या हिशेबाने 2023 च्या मध्याला या बाजारातली एकूण मालमत्ता 13 लाख कोटी डॉलरच्या घरात होती. भारतातही सेबीने 2012 मध्ये नियम केलेल्या ‘अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट फंडां’मध्ये, म्हणजे एआयएफमध्ये, गुंतवणूकदारांनी कबूल केलेली रक्कम 2025 च्या मार्चपर्यंत 13 लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. प्रत्यक्ष गुंतवले गेले ते त्यातले पाच लाख कोटींहून थोडे जास्त. आता आपल्या पीएफनेही इकडे वळावं, असा सूर वाढतो आहे. माझं मत थोडक्यात सांगतो: खासगी बाजार संस्थांना जास्तीचा परतावा विकतो असं म्हणतात, पण तो प्रामुख्याने विकतो ते रोजचा भाव न पाहण्याची मुभा. ही मुभा ज्यांना परवडते अशा संस्था जगात थोड्या आहेत. आपला पीएफ सध्या तरी त्यांत बसत नाही. तो बसावा असं वाटत असेल, तर सुरुवात गुंतवणुकीच्या मर्यादा वाढवण्यापासून करून चालणार नाही.

हा पैसा इकडे वळला त्याचं मोठं श्रेय, किंवा दोष, डेव्हिड स्वेन्सन यांच्याकडे जातो. 1985 मध्ये ते येल विद्यापीठाच्या निधीचे प्रमुख झाले तेव्हा निधी सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास होता. 2020 च्या जूनअखेर तो 31 अब्जांच्या वर होता. त्यांचा युक्तिवाद साधा होता. विद्यापीठाला शंभर वर्षं जगायचं आहे, त्याला उद्या सकाळी सगळा पैसा लागणार नाही. मग जो माल चटकन विकता येत नाही तो स्वस्तात घ्यावा आणि वाट पाहण्याचं मोल वसूल करावं. त्यात 2008 नंतर व्याजदर तळाला गेले. सरकारी रोख्यांवर पेन्शनची वचनं पाळता येईनात. दुसरीकडे अमेरिकेतल्या सूचीबद्ध कंपन्यांची संख्या 1990 च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ निम्मी झाली. वाढीची वर्षं कंपन्या बाजाराबाहेरच काढू लागल्या. येलची नक्कल करायला सगळे धावले.

स्वेन्सननी स्वतः काय सांगितलं होतं, हे मात्र धावणाऱ्यांनी सोयीने मागे सोडलं. 2005 च्या त्यांच्या पुस्तकात सामान्य गुंतवणूकदाराला सल्ला होता तो स्वस्त इंडेक्स फंडांचा. येलचं गणित चालायला सर्वोत्तम फंड व्यवस्थापकांपर्यंत पोचण्याची ताकद लागते, आणि सर्वोत्तम हे व्याख्येनेच थोडे असतात. बाकीच्यांच्या वाट्याला उरलेले येतात, शुल्क मात्र तेवढंच पडतं.

आता भाव न दिसण्याबद्दल. 2022 मध्ये अमेरिकेतला एसअँडपी 500 निर्देशांक सुमारे 18 टक्के पडला, रोखेही 13 टक्क्यांच्या आसपास पडले. त्याच वर्षी खासगी फंडांच्या तिमाही अहवालांत पडझड बेताचीच दिसत होती. कंपन्या त्याच अर्थव्यवस्थेत, त्याच व्याजदरात, बहुतेकदा जास्त कर्ज घेऊन चालणाऱ्या. मग त्यांना झळ कमी कशी लागली? लागली होती, फक्त लिहिली गेली नव्हती. क्लिफ ॲस्नेस या फंड व्यवस्थापकाने या प्रकाराला ‘व्होलॅटिलिटी लाँडरिंग’ म्हटलं. काळा पैसा धुतात तसे इथे चढउतार धुतले जातात. आपल्या फ्लॅटची किंमत रोज दारावर लिहून जाणारा कुणी नसतो म्हणून ती स्थिर असते असं आपण मानतो, तसंच हे, फरक इतकाच की इथे त्या मानण्यावर लाखो लोकांची पेन्शन ठरते.

ऑनलाइन शिकवण्या देणाऱ्या बायजूचं उदाहरण ताजं आहे आणि आपल्याकडचं आहे. 2022 मध्ये या कंपनीची किंमत 22 अब्ज डॉलर धरली गेली. पैसा लावणाऱ्यांत जगातल्या नामांकित संस्था होत्या. जून 2023 मध्ये लेखापरीक्षक डेलॉइटने राजीनामा दिला, त्याच सुमारास संचालक मंडळातले गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधीही बाहेर पडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रोसस या गुंतवणूकदार कंपनीने आपल्या हिशेबात या कंपनीचं मूल्य तीन अब्जांच्या खाली आणलं. काही आठवड्यांनी ब्लॅकरॉक या दुसऱ्या गुंतवणूकदाराच्या हिशेबातून निघणारी किंमत एक अब्जाच्या आसपास होती. पुढच्या उन्हाळ्यात प्रोससने शून्य लिहिलं. एकाच कंपनीच्या शेअरची दोन दर्जेदार संस्थांच्या वह्यांत दोन-तीन पटींच्या फरकाने नोंद होती. बाजारात असती तर ही कंपनी पडलीच असती. पण ती दोन वर्षं रोज थोडी थोडी पडली असती, आणि कुणीतरी मधेच प्रश्न विचारले असते.

भाव नसला की परताव्याचं मोजमापही लवचीक होतं. फंड आपली कामगिरी ‘आयआरआर’मध्ये, म्हणजे परताव्याच्या अंतर्गत वार्षिक दरात, सांगतात. समजा एका फंडाने पहिल्याच वर्षी 100 कोटींचे 200 केले. मग दहाव्या वर्षी आणखी 100 कोटी गुंतवले, ते दहा वर्षं आठ टक्क्यांनी वाढून 216 झाले. दुसरी गुंतवणूक म्हणजे पीएफच्या व्याजाइतकीच, त्याहून बरी नाही. तरीही दोन्हींचा एकत्र आयआरआर काढला तर तो शंभर टक्क्यांना टेकलेलाच राहतो. सुरुवातीचा एक षटकार पुढचा सगळा डाव झाकून टाकतो. ऑक्सफर्डचे लुडोविक फालिपू हे प्राध्यापक वर्षानुवर्षं हेच ओरडून सांगताहेत. त्यांचा 2020 मधला निष्कर्ष असा की 2006 नंतर एकूण प्रायव्हेट इक्विटीने दिलेला निव्वळ परतावा शेअर बाजाराच्या निर्देशांकांइतकाच होता. कोट्यधीश झाले ते फंड चालवणारे. उद्योग हे मानत नाही, आकडेवारीवरून वाद चालू आहे. वाद चालू राहतो याचंच मला नवल वाटतं. जिथे 40 वर्षांचा अनुभव जमा आहे, तिथे परतावा बाजारापेक्षा जास्त होता की नव्हता एवढं साधं उत्तरही एकमताने मिळत नाही!

शुल्काचं तर विचारूच नका. रिवाज ‘दोन आणि वीस’चा: दरवर्षी दोन टक्के व्यवस्थापन शुल्क आणि ठरावीक टप्प्यापुढच्या नफ्यात वीस टक्के वाटा, ज्याला ‘कॅरी’ म्हणतात. भारतात दोन टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी. शिवाय पहिली काही वर्षं शुल्क आकारलं जातं ते कबूल केलेल्या रकमेवर, गुंतवलेल्या नव्हे. एखाद्या ट्रस्टने 100 कोटी कबूल केले आणि पहिल्या वर्षी फंडाने त्यातले 15 कोटीच मागवले, तरी त्या वर्षी 2 कोटी 36 लाख गेले. पाच वर्षांत पावणेबारा कोटींहून जास्त. अमेरिकेतला सगळ्यात मोठा सार्वजनिक पेन्शन फंड, कॅलिफोर्नियाचा कॅलपर्स, यालाही 2015 च्या उन्हाळ्यात आपण प्रायव्हेट इक्विटीवाल्यांना आजवर किती कॅरी दिली हे सांगता येत नव्हतं. चहूकडून टीका झाल्यावर त्या वर्षाच्या अखेरीस हिशेब आला: 1990 पासून 3.4 अब्ज डॉलर. पंचवीस वर्षं कुणी बेरीज केली नव्हती. कॅलपर्सने धडा काय घेतला? 2024 मध्ये खासगी बाजाराचा वाटा 33 वरून 40 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. हा निर्णय चूकच आहे असं मी म्हणत नाही; मोठ्या संस्थेला दर कमी करून घेता येतात, फंडाच्या जोडीने थेट पैसा लावता येतो. पण बेरीज न करणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात मोठं नाव त्यांचं होतं, हेही विसरायला नको.

वाट पाहण्याची ताकद आहे असं म्हणणं आणि ती खरोखर असणं यात किती अंतर असतं, हे हार्वर्डने दाखवून दिलं. 2008 च्या संकटात हार्वर्डचा निधी 36.9 अब्जांवरून 26 अब्जांवर आला. खरी अडचण पुढेच होती: खासगी फंडांना सुमारे 11 अब्ज डॉलर देण्याचं आधीच कबूल केलेलं होतं. त्यांचं ‘कॅपिटल कॉल’चं पत्र आलं की ठरल्या दिवसांत पैसे भरावेच लागतात, बाजार कितीही पडलेला असो. शेवटी जगातल्या सगळ्यात श्रीमंत विद्यापीठाने डिसेंबर 2008 मध्ये अडीच अब्ज डॉलरचे रोखे काढून कर्ज उभारलं आणि ऑलस्टनमधल्या विज्ञान संकुलाचं बांधकाम थांबवलं. शंभर वर्षं जगणाऱ्या संस्थेलाही दर महिन्याला पगार द्यावेच लागतात.

2022 नंतर तोच प्रश्न सावकाश आणि सगळीकडे उभा राहिला. अमेरिकेच्या फेडने सव्वा वर्षात व्याजदर शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांवर नेले. स्वस्त कर्जावर घेतलेल्या कंपन्या पुढे महाग कर्जाच्या काळात विकायला गिऱ्हाईक मिळेना. बेन या सल्लागार कंपनीच्या 2024 च्या अहवालात फंडांकडे पडून असलेल्या, न विकल्या गेलेल्या कंपन्यांची संख्या 28 हजारांवर आणि किंमत 3.2 लाख कोटी डॉलरवर होती. ही किंमतही फंडांनी स्वतः लावलेली, हे लक्षात घ्या. गिऱ्हाईक नाही म्हणून मग जुन्या फंडातली कंपनी त्याच व्यवस्थापकाच्या नव्या ‘कंटिन्युएशन फंडा’ला विकण्याची पद्धत रुळली, विकणारा आणि घेणारा टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच. ज्यांना रोकड हवी ते आपले हिस्से सेकंडरी बाजारात सवलतीने विकू लागले. 2025 मध्ये खुद्द येलने सहा अब्ज डॉलरपर्यंतचे हिस्से विकायला काढल्याच्या बातम्या आल्या. आणि याच वेळी, ऑगस्ट 2025 मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांनी सामान्य नोकरदारांच्या 401-के निवृत्ती खात्यांना खासगी बाजाराची दारं उघडण्याचा आदेश काढला. मोठ्या संस्थांचे हात भरलेले असताना छोट्यांना आत बोलावलं जातंय, हा योगायोग असेलही. मला तसं वाटत नाही.

असं असूनही एका उदाहरणापुढे माझा संशय थोडा नरमतो, आणि ते ऑन्टारियोच्या शिक्षकांचंच आहे. 1990 पूर्वी या फंडाचा सगळा पैसा ऑन्टारियो सरकारच्या, बाजारात विकताही न येणाऱ्या रोख्यांत होता. आपल्या पीएफच्या जुन्या दिवसांची आठवण व्हावी असंच चित्र. 1990 मध्ये फंडाला स्वतंत्र कंपनीसारखा दर्जा मिळाला. संचालक नेमण्याचा अधिकार शिक्षक संघटना आणि सरकार यांच्याकडे मिळून. रोजच्या निर्णयांत दोघांनीही नाक खुपसायचं नाही. क्लॉड लामुरो या पहिल्या प्रमुखांनी बाहेरच्या फंडांना दोन-वीस मोजण्यापेक्षा बाजारभावाने पगार देऊन स्वतःची माणसं ठेवली आणि कंपन्या, विमानतळ, इमारती थेट विकत घ्यायला लावल्या. पगाराचे ते आकडे दरवर्षी अहवालात छापले जातात, त्यावर कॅनडात बोंबही होते. पण बोंब होते कारण आकडा दिसतो. आज हा फंड 260 अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर आहे, तीन लाखांहून जास्त शिक्षक त्यावर अवलंबून आहेत.

म्हणजे ते चुकत नाहीत असं नाही. एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीत त्यांचे साडेनऊ कोटी अमेरिकी डॉलर पूर्ण बुडाले. ते सहन झाले कारण एकूण निधीच्या मानाने रक्कम नगण्य होती. त्याच प्रांतातला दुसरा पेन्शन फंड, ओमर्स, लंडनच्या थेम्स वॉटर या पाणीपुरवठा कंपनीत सुमारे 32 टक्के हिस्सा घेऊन बसला होता. आधीच्या मालकांच्या काळात या कंपनीवर कर्जाचा डोंगर चढला होता. पाइप गळत राहिले, नद्यांत सांडपाणी सुटत राहिलं. 2024 मध्ये ओमर्सने त्या हिश्श्याची किंमत शून्यावर आणली. त्याच कंपनीत ब्रिटनच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या पेन्शन फंडाचाही पैसा होता आणि त्यालाही तो मोठ्या प्रमाणात सोडावा लागला. कॅनेडियन पद्धतीनेही नळाचं पाणी आणि पेन्शनचा परतावा यांतला झगडा सुटत नाही, हे नोंदवून ठेवायला हवं. नॉर्वेने तो झगडा दारातच अडवला. जगातल्या सूचीबद्ध शेअरांपैकी सुमारे दीड टक्का ज्याच्या मालकीचे, त्या त्यांच्या सरकारी फंडालाही खासगी कंपन्यांत शिरू द्यावं, अशी त्यांच्या मध्यवर्ती बँकेने 2023 मध्ये शिफारस केली. सरकारने 2024 मध्ये नकार दिला: खर्च वाढेल आणि पारदर्शकता कमी होईल. त्या फंडाचा व्यवस्थापन खर्च 0.04 टक्के आहे. वर सांगितलेल्या दोन-वीसशी ज्याने त्याने ताडून पाहावं.

आता घरचं. सोलापूरहून धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीपर्यंतचा आणि तिथून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा चौपदरी रस्ता आयआरबी या रस्ते बांधणाऱ्या कंपनीच्या ज्या ट्रस्टकडे आहे, त्यात सिंगापूर सरकारच्या जीआयसी या गुंतवणूक संस्थेने 2020 मध्ये 49 टक्के हिस्सा घेतला. चार वर्षांनी त्यातला 24 टक्के मूळच्या स्पेनच्या फेरोव्हियालच्या उपकंपनीने घेतला. टोलनाका तोच, फास्टॅगची पट्टी तीच, वाटेकरी बदलले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने 2021 मध्ये आपला इनव्हिट, म्हणजे रस्त्यांच्या मालकीचा ट्रस्ट काढला, तेव्हा कॅनडाच्या दोन पेन्शन फंडांनी प्रत्येकी 25 टक्के उचलले. त्यांतला एक वर आलेला ऑन्टारियोच्या शिक्षकांचाच. इथे जो प्रश्न विचारला जातो तो रास्तच आहे. मराठवाड्यातल्या रस्त्याचा टोल सिंगापूरच्या आणि कॅनडाच्या म्हातारपणाला पोचतो, मग लातूरच्या कारखान्यातल्या कामगाराच्या पीएफला का नाही?

काही अंशी तो पोचू लागलाही आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने 2015 मध्ये पाच टक्क्यांपासून ईटीएफ, म्हणजे बाजारात खरेदी-विक्री होणारे निर्देशांक फंड, यांच्याद्वारे शेअर बाजारात पाऊल टाकलं, 2017 पर्यंत नव्या पैशातला वाटा 15 टक्क्यांवर नेला. सरकारी पुढाकाराच्या इनव्हिटसारख्या नव्या प्रकारांचा निर्णय 2021 मध्ये वित्त समितीवर सोपवला गेला. खासगी कंपन्यांच्या स्वतंत्र पीएफ ट्रस्टना त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अर्थ मंत्रालयाने पाच टक्क्यांच्या मर्यादेत एआयएफमध्येही पैसा लावायची परवानगी दिली.

पीएफनेही खासगी बाजारात उतरावं या युक्तिवादातली पहिली चूक अशी की पीएफचा पैसा ‘लांबचा’ आहे असं गृहीत धरलं जातं. पेन्शन लांबची असते. भविष्य निर्वाह निधी तितका नसतो. लेकीचं लग्न, घराचा पहिला हप्ता, आईचं ऑपरेशन, गेलेली नोकरी, सगळ्यांना तोच पैसा लागतो. 2020 च्या मार्चमध्ये कोविडसाठी खास उचल मंजूर झाली तेव्हा देशभरातून अर्जांची रीघ लागली. ऑक्टोबर 2025 मध्ये विश्वस्त मंडळाने तर नियम आणखी सैल केले; खात्यात 25 टक्के शिल्लक ठेवून बाकीचं काढता येईल. सभासदाच्या दृष्टीने हे चांगलं आहे. पण एका हाताने पैसे काढणं सोपं करायचं आणि दुसऱ्या हाताने दहा वर्षं अडकणाऱ्या फंडांकडे वळायचं, हे एकत्र जमत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पेन्शन फंडांनी 2020 मध्ये हे भोगलं: सरकारने खात्यांतून पैसे काढू दिले आणि त्याच आठवड्यांत फंडांना आपल्या खासगी मालमत्तांच्या किमती घाईघाईने खाली आणाव्या लागल्या. त्या आणल्या नसत्या तर आधी बाहेर पडणाऱ्याला फुगलेल्या किमतीने पैसे मिळाले असते, मागे राहिलेल्यांच्या खिशातून. न दिसणाऱ्या भावाचा हा सगळ्यात कमी चर्चिला जाणारा दोष आहे. चुकीचा भाव नुसता कागदावर चुकत नाही, तो एका सभासदाचा पैसा दुसऱ्याकडे सरकवतो.

दुसरी अडचण खास आपली. पीएफच्या सभासदाला आपल्या पैशाचा भाव मुळातच दिसत नाही. पासबुकात वर्षातून एकदा व्याज जमा होतं, 2023-24 आणि 2024-25 साठी सव्वाआठ टक्के, आणि तो दर विश्वस्त मंडळ ठरवतं, अर्थ मंत्रालय त्यावर शिक्कामोर्तब करतं. सुमारे 25 लाख कोटींच्या निधीतले चढउतार एका दरात आधीच सपाट केलेले असतात. सरकारी रोखे आणि ईटीएफ असेपर्यंत त्यामागचं खरं मूल्य बाहेरच्या कुणालाही काढता येतं. त्या दराच्या मागे खासगी फंडांनी स्वतः लावलेल्या किमती आल्या, तर एका पडद्याच्या मागे दुसरा पडदा लागेल, आणि मधे काय आहे हे कदाचित विश्वस्तांनाही सांगता येणार नाही.

विश्वस्तांना आतलं काही दिसत नाही, हे वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीने 2018 मध्ये दाखवून दिलेलंच आहे. ही कंपनी सूचीबद्ध नव्हती. मोठे भागधारक एलआयसी, जपानची ओरिक्स, अबूधाबीचा सरकारी फंड, एचडीएफसी, स्टेट बँक. तीनशेहून अधिक उपकंपन्या, 90 हजार कोटींहून अधिक कर्ज. ऑगस्ट 2018 च्या सुरुवातीपर्यंत तिच्या रोख्यांना सर्वोच्च ‘ट्रिपल ए’ मानांकन होतं. सप्टेंबरच्या मध्यात ते थेट थकबाकीदाराच्या ‘डी’वर आलं. कितीतरी कंपन्यांच्या पीएफ ट्रस्टनी तेच मानांकन पाहून तिचे रोखे घेतले होते. अशा ट्रस्टमध्ये विश्वस्त कोण असतात? निम्मे मालकाचे, म्हणजे एचआर आणि अकाउंट्समधले अधिकारी, निम्मे कामगारांचे प्रतिनिधी. आपापली नोकरी सांभाळून तीन महिन्यांतून एकदा बसणारी माणसं. त्यांच्यापुढे एका पानाची टिपणी आणि मानांकनाचं प्रमाणपत्र. जिथे मोठमोठे भागधारक संचालक मंडळात बसून चकले, तिथे या माणसांनी उपकंपन्यांच्या जाळ्यात शिरून प्रश्न विचारावेत, ही अपेक्षाच हास्यास्पद होती. एआयएफच्या बाबतीत तर प्रमाणपत्राचा तेवढाही आधार नाही. तिथे सादरीकरण असतं आणि मागच्या फंडाचा आयआरआर.

रिझर्व्ह बँकेला हा बाजार काय काय झाकू शकतो हे लवकर कळलं. डिसेंबर 2023 मध्ये तिने बँकांना आणि वित्त कंपन्यांना बजावलं की ज्या एआयएफने तुमच्याच कर्जदार कंपनीत पैसा घातला आहे त्यात तुम्ही पैसा ठेवायचा नाही, कारण त्या वाटेने बुडीत कर्ज नवं दाखवलं जात होतं. 2025 मध्ये नियम सौम्य झाले तरी एका बँकेला कुठल्याही एआयएफच्या दहा टक्क्यांपलीकडे आणि सगळ्या बँका-वित्त कंपन्यांना मिळून 20 टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. बँकांसाठी जी सावधगिरी, ती पीएफसाठी का नसावी?

कायमचा नकार द्यावा असं मला वाटत नाही. चालू टोल रस्ता, उभी वीजवाहिनी यांची मालकी घेणारे इनव्हिट, आणि तेही सूचीबद्ध, ही सुरुवात म्हणून चांगली जागा आहे. तिथे वाहनांची मोजणी होते, टोलची रक्कम दिसते, भाव बाजारात लागतो. त्याहीपुढे जायचं असेल तर आधी पेन्शन योजनेचा खरोखर लांबचा पैसा आणि पीएफचा कधीही लागणारा पैसा यांचे हिशेब वेगळे हवेत. प्रत्येक फंडात किती घातले, किती रोख परत आले, शुल्क किती गेलं, हे तीन आकडे दरवर्षी सभासदांना मिळायला हवेत, मराठीत मिळाले तर उत्तमच. ‘अंदाजित मूल्य’ त्यांच्या खाली बारीक अक्षरांत आलं तरी चालेल. आणि स्वतंत्र ट्रस्टना दिलेली एआयएफची परवानगी मी तरी मोठ्या ट्रस्टपुरतीच ठेवीन.

सगळ्यात अवघड भाग माणसांचा आहे. ऑन्टारियोने केलं ते आपल्याकडे करायचं तर सरकारी निधीला कोट्यवधींच्या पगारावर व्यवस्थापक नेमावे लागतील, त्यांना मंत्र्यांच्या फोनपासून वाचवावं लागेल, आणि एखाद्या वर्षी त्यांनी मोठा तोटा केला तरी चौकशीच्या धाकाने पुढच्या निर्णयांना लकवा होऊ द्यायचा नाही. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष केंद्रीय कामगार मंत्री असतात आणि निधीचा आयुक्त बदलीवर येणारा अधिकारी. मंत्रालयीन वेतनश्रेणीत हे काम होणार नाही. त्याहून मोठा पगार द्यायचा म्हटलं तर पहिली आरोळी संसदेत उठेल आणि दुसरी कामगार संघटनांमध्ये, आणि किमान पेन्शन महिना हजार रुपयांवर अडकलेल्या माणसाची आरोळी चुकीची आहे असं मला म्हणवणार नाही. पगार द्यायचा नसेल तर तेच काम बाहेरचे फंड दोन-वीस घेऊन करतील, पगाराच्या कितीतरी पट रकमेला, आणि ती कुठल्याही आरोळीत येणार नाही कारण ती कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पुढच्या वेळी विश्वस्त मंडळापुढे मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा कामगार प्रतिनिधींनी टक्केवारीवर वाद घालण्याआधी हा पगाराचा मुद्दा स्वतःहून मांडावा, असं मला वाटतं. तो मांडणं त्यांना राजकीयदृष्ट्या महाग पडेल, हेही मला दिसतं आहे.